चिकापासून चाकापर्यंत

नाशिक शहरातील द्वारका चौकात पहाटेदेखील शांतता नसते. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना हमरस्ता आणि पुण्याकडे वळणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. माथ्यावरून उड्डाणपूल गेला आहे; त्याच्या सावलीतून एसटीच्या गाड्या, रिक्षा, सायकली आणि पायी चालणारी माणसे आपापली वाट काढीत असतात. कांद्याच्या गोण्यांनी किंवा द्राक्षांच्या पेट्यांनी भरलेल्या मालमोटारी जड आवाज करीत निघून जातात. अशा रस्त्यांच्या कडेला पंक्चर काढणाऱ्याचे एखादे लहानसे दुकान हमखास आढळते. दुकानदार फुगवलेली ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून हळूहळू फिरवतो. बुडबुडे दिसले की त्या जागी खूण करतो, ती जागा घासून खरखरीत करतो आणि तिच्यावर रबराचा तुकडा पक्का बसवतो. एवढा मोठा व्यापार, पण तो सारा ह्या काळ्या, लवचीक पदार्थावर उभा आहे.

हे रबर येते कोठून? कारखान्यातून, असे उत्तर कोणीही देईल, आणि ते अगदीच चूक नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सिएट कंपनीचा टायरांचा कारखाना आहे. परंतु कारखान्यात रबराला आकार मिळतो. त्याचा जन्म तेथे होत नाही. खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम रबर टायरात असते हे खरे, तरी मोठा भार वाहणाऱ्या मालमोटारींच्या टायरांत नैसर्गिक रबराचा वाटा बराच असतो. विमानाच्या टायरात तर तो फार मोठा असतो. भार आणि उष्णता सोसण्याच्या बाबतीत नैसर्गिक रबर अजूनही वरचढ ठरते. आणि नैसर्गिक रबर म्हणजे एका झाडाचा चीक.

चीक आपल्याला नवा नाही. फणस कापताना हाताला चिकटतो तो चीक. रुईचे पान तोडले, वडाची डहाळी मोडली किंवा कुंपणाच्या शेराला धक्का लागला, की पांढरा थेंब बाहेर येतो. रबराचे झाड ह्या शेराच्या आणि आपल्या परिचयाच्या एरंडाच्या कुळातले आहे. ते सरळ व उंच वाढते. त्याच्या एका देठाला तीन पाने असतात. फळही तीन कप्प्यांचे असते. ते वाळले म्हणजे ‘फट्’ असा आवाज करून फुटते आणि आतील ठिपकेदार बिया दूरवर उडतात. बाग शांत असली की हा आवाज चांगला ऐकू येतो.

ह्या झाडाची मूळ भूमी दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे. चिकाचा गुण तेथील आणि मध्य अमेरिकेतील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. मेक्सिकोच्या परिसरात तीन हजार वर्षांहूनही जुने रबरी चेंडू सापडले आहेत. युरोपातील लोकांना मात्र ह्या पदार्थाचे काय करावे हे बराच काळ उमगले नाही. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवले, की ह्या पदार्थाने पेन्सिलीची रेघ पुसता येते. घासून पुसणारा म्हणून त्याला ‘रबर’ हे इंग्रजी नाव मिळाले. त्या नावाचे मूळ असे विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत आहे. पुढे १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश ह्याने रबराचा लेप दिलेल्या कापडाचे पावसाळी कोट तयार केले. ते पावसात उपयोगी पडत. पण उन्हाळ्यात चिकट होत आणि कडाक्याच्या थंडीत ताठ होऊन तडकत.

हा दोष चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन माणसाने दूर केला. तो शिकलेला रसायनशास्त्रज्ञ नव्हता. कर्जापायी त्याला तुरुंगवासही घडला होता. रबरात निरनिराळे पदार्थ मिसळून तो वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिला. १८३९ मध्ये गंधक मिसळलेल्या रबराला भरपूर उष्णता लागली, तेव्हा ते वितळण्याऐवजी घट्ट आणि चिवट झाले. रबराचे कण लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. गंधक त्या साखळ्यांना जागोजागी टाके घालून बांधते. त्यामुळे रबर ताणले तरी पुन्हा मूळ आकारात येते. रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या नावावरून ह्या क्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात. ह्या टाक्यांमुळेच जुना टायर लाखेसारखा वितळवून नवा ओतता येत नाही. गुडइयरच्या शोधावर जगात अनेक कारखाने उभे राहिले. तो स्वतः १८६० मध्ये कर्जातच वारला. त्याच्या नावाची प्रसिद्ध कंपनी त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी इतरांनी काढली.

१८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप ह्याने हवेने फुगवलेल्या टायराचा हक्क नोंदवला. प्रथम सायकली आणि मागोमाग मोटारी आल्या. रबराची मागणी भरमसाट वाढली, आणि ती पुरवण्यासाठी जगात दोनच वाटा दिसत होत्या: ॲमेझॉनचे रान आणि आफ्रिकेतील काँगोचे रान. ॲमेझॉनच्या काठी मनाउस शहर इतके श्रीमंत झाले, की रानाच्या मध्यभागी १८९६ मध्ये भव्य नाट्यगृह उभे राहिले. काँगोची कथा फार दुःखाची आहे. तो प्रदेश तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या ताब्यात होता. तेथे चीक देणाऱ्या रानवेली होत्या. गावागावांवर रबराचे ओझे ठरवून दिलेले असे. ते भरले नाही तर फटके बसत, बायकामुलांना ओलीस धरत, माणसांना ठारही मारत. चीक लवकर मिळावा म्हणून वेली मुळापासून तोडल्या जात आणि मग लोकांना आणखी दूरच्या रानात जावे लागे. ह्या अत्याचारांचा बभ्रा झाल्यावर १९०८ मध्ये तो प्रदेश राजाच्या खाजगी मालकीतून निघाला. तोवर असंख्य माणसे मेली होती.

ह्याच सुमारास आशियात रबराची वेगळीच कथा घडत होती. १८७६ मध्ये हेन्री विकम ह्या इंग्रजाने ॲमेझॉनच्या काठावरून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळील क्यू येथील उद्यानात पोचवल्या. ह्या बिया फार दिवस टिकत नाहीत. सुमारे २,७०० तेवढ्याच रुजल्या. त्यांतली बहुतेक रोपे जहाजाने सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, गेली आणि काही पुढे सिंगापूरला पोचली. ब्राझीलमध्ये कित्येकांना ह्या नेण्याचा आजही राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

रोपे आली, पण त्यांचा चीक कसा काढावा हे कोणास नीट ठाऊक नव्हते. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख हेन्री रिडले ह्याने ते शोधून काढले. झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालण्याची गरज नाही. सालीवर एक तिरकी रेघ कापावी आणि दर खेपेस त्याच रेघेच्या कडेची अगदी पातळ कात्रण काढावी. झाडाला मोठी इजा होत नाही, साल पुन्हा भरून येते आणि चीक वर्षानुवर्षे मिळत राहतो. रिडले खिशात रबराच्या बिया घेऊन फिरे आणि भेटेल त्या मळेवाल्याला लावण्याचा आग्रह करी. लोक त्याला ‘वेडा रिडले’ म्हणत. १९१३ च्या सुमारास आशियातील मळ्यांचे रबर ब्राझीलच्या रानरबरापेक्षा अधिक झाले, तेव्हा ही थट्टा बंद पडली. ब्राझीलमध्येही मोठे मळे लावण्याचे प्रयत्न झाले. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डने १९२८ पासून तेथे फार पैसा ओतला. परंतु झाडे दाटीने लावताच पाने करपवणारी एक बुरशी त्यांच्यावर पसरे. ती बुरशी अद्याप आशियात आलेली नाही. ती येऊ नये म्हणून सर्व रबरउत्पादक देश डोळ्यांत तेल घालून जपतात.

भारतात रबराचा पहिला व्यापारी मळा १९०२ मध्ये केरळात, पेरियार नदीच्या काठी तट्टेकाड येथे लागला. आज देशातील बहुतेक रबर केरळात होते. त्यापाठोपाठ त्रिपुराचे नाव येते. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रबर मंडळाचे मुख्य कार्यालय केरळातील कोट्टायम येथे आहे. आपल्या देशातील रबर मुख्यतः मोठ्या मळ्यांत पिकत असावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक लागवड लहान शेतकऱ्यांची आहे, आणि त्यांतील कित्येकांजवळ एकदीड एकराचीच बाग असते.

अशा बागेतील कामास उजाडण्यापूर्वी आरंभ होतो. चीक काढणाऱ्यास ‘टॅपर’ म्हणतात. तो कपाळावर दिवा बांधून अंधारातच झाडांत शिरतो. इतक्या लवकर जाण्यास कारण आहे. दिवसा ऊन चढले की पानांतून पाणी उडून जाते आणि सालीतील चीकवाहिन्यांचा दाब उतरतो. पहाटे झाड पाण्याने तट्ट भरलेले असते; त्या वेळी काप घेतला तर चीक भरपूर वाहतो.

टॅपर प्रथम आदल्या कापावर सुकलेली रबराची दोरीसारखी पट्टी ओढून काढतो व पिशवीत टाकतो. तीही विकली जाते. मग वाकड्या पात्याची धारदार सुरी घेऊन तो डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशा तिरक्या रेघेवर एक कात्रण काढतो. रेघेची ही दिशा मनाची नाही. चीकवाहिन्या सालीत किंचित उजवीकडे कलून वर जातात. त्यामुळे असा काप अधिक वाहिन्या छेदतो. कात्रणाची जाडी एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. खरे कसब मात्र खोलीचे आहे. चीकवाहिन्या सालीच्या आतल्या थरात दाटलेल्या असतात, आणि त्यांच्या लगेच मागे झाडाची वाढ करणारा नाजूक पापुद्रा असतो. काप उथळ गेला तर चीक कमी येतो. जास्त खोल गेला तर तो पापुद्रा दुखावतो, तेथे गाठी उठतात आणि ती साल पुढे कापण्याजोगी राहत नाही. म्हणून लाकडापासून जेमतेम एक मिलिमीटर अंतर राखून सुरी चालवायची असते, आणि तीही दिव्याच्या उजेडात. एका पहाटे तीनशे ते चारशे झाडे उरकायची असतात. एका झाडाजवळ अर्धे मिनिटही मिळत नाही. चांगला टॅपर मिळाला नाही तर शेतकरी कधी कधी बाग तशीच ठेवणे पत्करतो. वाईट हाताची एक सुरी दहा वर्षांची साल वाया घालवते.

रेघेच्या टोकाशी पत्र्याची लहानशी पन्हळ ठोकलेली असते आणि तिच्याखाली करवंटी किंवा प्लॅस्टिकची वाटी. दुधासारखा पांढरा चीक तिच्यात थेंब थेंब गळू लागतो. दोन-तीन तासांनी धार आटते. तेव्हा टॅपर पुन्हा सर्व झाडांवरून फिरून चीक बादलीत गोळा करतो. दुसऱ्या दिवशी त्या झाडाला विश्रांती असते. कित्येक ठिकाणी दोन दिवसांची असते. एका झाडापासून एका खेपेस मिळणारे कोरडे रबर तीन-चार तोळ्यांपेक्षा फारसे अधिक भरत नाही. मालमोटारीच्या एका मोठ्या टायरात पंधरा-वीस किलो नैसर्गिक रबर असू शकते. तेवढे जमण्यास चार-पाच झाडांचा वर्षाचा चीक लागतो.

पुढचे काम सोपे असले तरी वेळेवर करावे लागते. चिकात रबर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. बाकीचे बहुतेक पाणी. चिकात आणखी पाणी घालून तो गाळतात आणि पसरट तबकांत ओतून त्यात थोडे पातळ फॉर्मिक आम्ल मिसळतात. विरजण लावल्याप्रमाणे तो साकळतो. दुसऱ्या दिवशी दह्याच्या घट्ट वडीसारखा पांढरा थर तयार झालेला असतो. हा थर रुळांच्या यंत्रातून दाबून काढतात, ओळीने वाळत घालतात आणि काही दिवस धुराच्या खोलीत टांगतात. धुराने बुरशी धरत नाही व रंग मधासारखा तांबूस होतो. व्यापारी प्रत्येक ताव उजेडासमोर धरून पाहतो आणि त्याची प्रत ठरवतो. टायराचा काळा रंग रबराचा नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. तो कारखान्यात मिसळलेल्या काजळीचा असतो, आणि काजळीमुळेच टायर फार काळ झिजत नाही.

हे सारे काम पाहण्यासाठी महाराष्ट्रातील मुलांना केरळापर्यंत जाण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, तिलारी नदीच्या खोऱ्यात आणि गोव्याच्या सीमेलगत, रबराच्या पुष्कळ बागा आहेत. केरळातील शेतकऱ्यांनी गेल्या काही दशकांत येथे जमिनी घेतल्या. आपल्याकडील लाल माती, डोंगरउतार आणि दमट हवा त्यांना येथेही आढळली. पुढे कित्येक स्थानिक शेतकऱ्यांनीही हे पीक धरले. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत संपतो. पावसाळ्यात पाणी कापावरून वाहून वाटीतला चीक धुऊन नेते. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येक झाडाच्या खोडाभोवती, कापाच्या वर, प्लॅस्टिकचा घागऱ्यासारखा पडदा डांबरी लेपाने चिकटवतात. थंडीच्या अखेरीस सर्व पाने गळतात; नवी कोवळी पालवी फुटते तेव्हा पानांच्या देठाशी गोड रस सुटतो. केरळात ह्या दिवसांत बागांतून मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, आणि तेथील मधाचा मोठा भाग ह्या पालवीतूनच येतो.

उत्तर कोकणात परिस्थिती अधिक कठीण आहे. नाशिक जिल्ह्याला लागूनच पालघर जिल्हा आहे. त्यातील दापचरी हे गाव दुग्धप्रकल्पासाठी पुष्कळांच्या कानावर आहे. पण झाडाच्या ‘दुधा’चाही अभ्यास तेथे होतो हे थोड्यांना माहीत असते. भारतीय रबर संशोधन संस्थेचे केंद्र तेथे आहे. लांबलेला उन्हाळा आणि कोरडी हवा रबराचे झाड कितपत सोसते, ते तेथे तपासतात. उन्हाळ्यात पाणी दिलेली झाडे लवकर जाड होतात, न दिलेली फार मागे पडतात. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर खोडाचा घेर पन्नास सेंटिमीटर झाल्याखेरीज झाडाला सुरी लावीत नाहीत. चांगल्या हवेत ह्यास सुमारे सात वर्षे लागतात. कोरड्या मुलखात ही वाट पाहणे आणखी लांबते, आणि गरीब शेतकऱ्याला ते परवडत नाही.

सात वर्षे वाट पाहून चीक मिळाला, तरी त्याचा भाव बागेत ठरत नाही. २०११ मध्ये रबर किलोला २३० रुपयांच्याही वर गेले होते. त्या भावाकडे पाहून अनेकांनी रोपे लावली. २०१६ च्या आरंभी भाव शंभर रुपयांच्या खाली आला. टॅपरची मजुरी, आम्ल, प्लॅस्टिक ह्यांचा खर्च वजा जाता हाती काही राहीना. कित्येक बागांत वाट्या झाडांवर उलट्या टांगून ठेवल्या गेल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तोच भाव २४० रुपये ओलांडून गेला. थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्ट अशा देशांत किती रबर निघाले, चीनमधील कारखाने किती घेतात, खनिज तेल स्वस्त झाल्यामुळे कृत्रिम रबर स्वस्त झाले की काय, ह्यांवर दोडामार्गच्या बागेतील मिळकत अवलंबून असते. आपला देश पिकवतो त्याहून बरेच जास्त रबर वापरतो. २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे साडेआठ लाख टन आणि गरज सुमारे चौदा लाख टन होती. उरलेले बाहेरून येते.

दोडामार्गात आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो भावाहून कठीण आहे. तेथील रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. रबर लावण्यासाठी कित्येक ठिकाणी हे रान तोडले गेले. वरून पाहिले तर रबराची बागही हिरवीच दिसते; पण रान आणि बाग ह्यांत फार अंतर आहे. रानात ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, वेली, झुडपे, वारुळे असे सर्व वयांचे जीवन दाटलेले असते. धनेश पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. रबराच्या ओळीत त्याला ढोली मिळत नाही. तेथे सर्व झाडे एका जातीची व एका वयाची असतात आणि जमीन साफ ठेवलेली असते. पश्चिम घाटातील वाघ व इतर श्वापदे ह्याच पट्ट्यातून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ह्यांच्यामध्ये ये-जा करतात. २००२ मध्ये कर्नाटकातून रानहत्ती दोडामार्गात आले. तेव्हापासून नारळ, पोफळी आणि केळी ह्यांची नासाडी सोसणारी गावे आहेत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने तालुक्यातील वृक्षतोडीस मनाई केली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग ह्या पट्ट्यातील गावे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याच्या बाबतीत सरकारला आदेश दिला.

जमीनमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्या नावावर डोंगर आहे, पण त्या डोंगराने ज्याला कधी चार पैसे दिले नाहीत, त्याने मुलीच्या लग्नासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी तो विकला, तर त्याला दोष देणे सोपे आहे. रान राखावे असे सर्वांस वाटते. राखण्याचा खर्च मात्र त्या एकट्याच्या माथी येतो. ह्याचा निकाल अजून पुरता लागलेला नाही.

रबराचे झाड साधारण पंचवीस-तीस वर्षे चांगला चीक देते. त्यानंतर ते कापतात. लाकूड औषधी द्रावणात मुरवून त्याच्या खुर्च्या व टेबले करतात आणि जमीन मोकळी होते. तेथे पुन्हा रबर लावावे, काजू लावावा, की निदान ओढ्याच्या काठचा भाग रानासाठी सोडावा, हे त्या वेळी शेतकऱ्याला ठरवावे लागते. रबर लावले तर पहिली काही वर्षे तो ओळींच्या मधल्या जागेत अननस किंवा केळी घेतो आणि त्यावर घर चालवतो. खोडाचा घेर तो दरवर्षी दोरीने मोजून पाहतो.